एचआरटीवर असताना हार्मोन्सचा रिपोर्ट कसा वाचायचा

लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, आपण तो उघडतो आणि नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. शेजारचा बाण वर आहे की खाली, एवढं बघून कुणी निश्चिंत होतं, तर कुणाची रात्रीची झोप उडते. हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी, म्हणजे एचआरटी घेणाऱ्यांच्या बाबतीत हा बाण सगळ्यात कमी कामाचा असतो. तुम्ही कोणतं औषध घेता, कशासाठी घेता, शेवटचा डोस कधी घेतला, यातलं काहीच तो छापणाऱ्या संगणकाला ठाऊक नसतं.

शरीर स्वतः हार्मोन तयार करतं तेव्हा मेंदू आणि ग्रंथी यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते आणि त्यातून पातळी सांभाळली जाते. बाहेरून घेतलेल्या हार्मोनवर हा लगाम चालत नाही. डोस घेतला की पातळी चढते, शिखर गाठते आणि पुढच्या डोसपर्यंत उतरत राहते. रिपोर्टमधला आकडा हा त्या चढ-उतारावरचा एक बिंदू असतो. तो बिंदू चढावरचा आहे, शिखरावरचा की तळाचा, हे माहीत नसेल तर त्या आकड्यावरून डोस ठरवणं धोक्याचं आहे. म्हणून या लेखात मी वेळेवर सगळ्यात जास्त भर दिला आहे.

रजोनिवृत्तीनंतर किंवा अंडाशय लवकर थांबल्यामुळे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रिया, टेस्टोस्टेरॉनची कमतरता असलेले पुरुष, आणि ट्रान्स स्त्रिया व ट्रान्स पुरुष या सगळ्यांसाठी हा लेख आहे. रक्त वाचण्याची पद्धत तिघांसाठी बरीचशी सारखी आहे. उद्दिष्टं मात्र वेगळी आहेत आणि ती आपापल्या जागी सांगितली आहेत. यातलं काहीही वाचून स्वतःच डोस बदलू नका. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी ही माहिती आहे.

पायरी १ : ही तपासणी खरंच हवी आहे का?

पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पाळी अनियमित झालेल्या किंवा थांबलेल्या आणि अंगातून गरम वाफा, रात्रीचा घाम, झोपमोड अशा तक्रारी असलेल्या स्त्रीला रजोनिवृत्तीचं निदान करून घ्यायला सहसा हार्मोन्सच्या तपासणीची गरज नसते. त्या काळात एफएसएच (अंडाशयाला काम करायला सांगणारं, मेंदूकडून येणारं हार्मोन) आणि इस्ट्राडिऑल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) आठवड्या-आठवड्याला इतके हेलकावे खातात की आजचा आकडा महिन्याभरानं उलटा दिसू शकतो. उपचार सुरू झाल्यावरही तेच. वाफा थांबल्या, झोप लागू लागली, अंगावर अवेळी जात नाही, म्हणजे डोस लागू पडतो आहे. या गटात मोजण्याची खरी पट्टी म्हणजे लक्षणं. दर तीन महिन्यांनी हार्मोन्सचं भलंमोठं पॅकेज करून घेण्यातून बहुतेक वेळा नुसती काळजी पदरात पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला अपवाद आहेत. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर एफएसएच तपासावंच लागतं. पॅच किंवा जेल पुरेशा मात्रेत वापरूनही लक्षणं हटत नसतील, तर औषध त्वचेतून आत शिरतं आहे की नाही हे इस्ट्राडिऑलच्या पातळीवरून कळतं. काहींच्या त्वचेतून ते फारच कमी शोषलं जातं. त्वचेखाली इम्प्लांट बसवलेलं असेल तर नवं बसवण्याआधी पातळी बघायला हवी. इम्प्लांटवर पातळी भरपूर असतानाही जुनी लक्षणं परत आल्यासारखी वाटू शकतात, आणि न तपासता नवं बसवत गेलं तर पातळी नको तितकी वाढत जाते.

पुरुषांमधल्या टेस्टोस्टेरॉन उपचारांत आणि ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांत नियमित तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ट्रान्स व्यक्तींनी पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एक-दोनदा तपासणी करावी. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषांसाठी पहिली तपासणी उपचार सुरू केल्यापासून ३ ते ६ महिन्यांत होते.

उपचार सुरू होण्याआधीचा रिपोर्ट मात्र प्रत्येकानं जपून ठेवावा. पुढे काहीही वर-खाली झालं तर तुलना त्याच्याशीच होणार असते.

पायरी २ : रक्त कोणत्या दिवशी, किती वाजता द्यायचं

एक उदाहरण घेऊ. समजा एक जण दर रविवारी सकाळी टेस्टोस्टेरॉन एनन्थेटचं इंजेक्शन घेतो. एका महिन्यात त्यानं मंगळवारी रक्त दिलं. रिपोर्ट आला ८८० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. पुढच्या खेपेला शनिवारी दिलं. आकडा आला ४१०. डोस तोच, माणूस तोच, लॅबही तीच. पहिला कागद बघणारा डॉक्टर डोस कमी करायचा विचार करेल आणि दुसरा बघणारा वाढवायचा. प्रत्यक्षात दोन्ही कागद एकाच चढ-उताराची दोन टोकं दाखवत आहेत आणि आठवड्याच्या मध्यावर हा माणूस ६००च्या आसपास असणार. कागदावर 'इंजेक्शननंतर २ रा दिवस' किंवा '६ वा दिवस' एवढंच लिहिलेलं असतं, तर दोन्ही आकड्यांचा अर्थ लागला असता.

म्हणून औषध कोणत्या मार्गानं घेता त्याप्रमाणे वेळ ठरवा.

टेस्टोस्टेरॉनची एनन्थेट किंवा सिपिओनेट ही इंजेक्शनं असतील तर दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर रक्त द्यायची पद्धत आहे. दर आठवड्याला घेत असाल तर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दोन आठवड्यांनी घेत असाल तर सातव्या दिवशी. चिडचिड, थकवा, मूड ढासळणं हे प्रत्येक इंजेक्शनच्या आदल्या दिवसांतच होत असेल, तर डॉक्टर मुद्दाम तळाची पातळीही मागतात. ती पुढच्या इंजेक्शनच्या थोडं आधी मोजतात. तळ फार खाली जात असेल तर बऱ्याचदा एकूण मात्रा तीच ठेवून दोन इंजेक्शनांमधलं अंतर कमी केलं जातं.

टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएटचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन साधारण १० ते १४ आठवड्यांनी घेतात. तिथे रक्त पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी द्यायचं, कारण पुढचं अंतर किती ठेवायचं हे त्या तळावरून ठरतं.

टेस्टोस्टेरॉन जेलचा रोजचा वापर किमान आठवडाभर झाल्यावर, आणि त्या दिवशी जेल लावल्यानंतर २ ते ८ तासांत रक्त द्यावं. जेलची पातळी एकाच माणसातही दिवसागणिक बरीच बदलते. एकाच रिपोर्टवर फार विसंबू नये, असं मी सगळ्यात आधी जेल वापरणाऱ्यांना सांगेन.

इस्ट्राडिऑलच्या गोळीसाठी सर्वांनी मान्य केलेला एकच तास नाही. गोळी गिळल्यावर काही तासांनी पातळी शिखरावर जाते आणि मग सावकाश उतरते. तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून एक वेळ ठरवा, गोळीनंतर ४ ते ६ तास म्हणा किंवा पुढच्या गोळीच्या आधी, आणि मग दर खेपेला तीच पाळा. गोळी जिभेखाली ठेवून विरघळवत असाल तर गणित पार बदलतं: पातळी तासाभरातच उंच उसळते आणि काही तासांत झपाट्यानं खाली येते. अशा वेळी दीड तासानं घेतलेल्या रक्तात ४०० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नसतं आणि दहा तासांनी ६० दिसलं म्हणून औषध लागू पडत नाही असंही नसतं.

आठवड्यातून दोनदा बदलायच्या पॅचवर पातळी बरीच सपाट राहते. नवा लावल्या-लावल्या किंवा काढायच्या दिवशी न जाता मधल्या दिवशी रक्त द्या. इस्ट्राडिऑल व्हॅलरेट किंवा सिपिओनेटचं इंजेक्शन असेल तर मध्य किंवा तळ, जे डॉक्टरांनी ठरवलं असेल ते. शिखराच्या दिवशी दिलेलं रक्त सगळ्यात जास्त दिशाभूल करतं.

डोस बदलल्यावर लगेच धावत लॅबमध्ये जाऊ नका. नवी पातळी स्थिरावायला औषधाच्या अर्धायुष्याच्या (रक्तातली मात्रा निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) चार-पाच पट वेळ लागतो. रोजच्या गोळीला हा काळ काही दिवसांचा असतो, इंजेक्शनांना काही आठवड्यांचा. शरीरावरचा परिणाम त्याहून सावकाश दिसतो. म्हणूनच फेरतपासणी साधारणपणे ६ ते १२ आठवड्यांनी ठेवतात.

पायरी ३ : सुई टोचण्याआधी

जेल वापरत असाल तर हा मुद्दा नीट वाचा. जेल दंडावर किंवा हातावर लावलं आणि त्याच हातातून रक्त काढलं, तर सुई त्वचेवरच्या औषधातून आत जाते आणि नमुन्यात त्याचा अंश मिसळतो. मग इस्ट्राडिऑल किंवा टेस्टोस्टेरॉनचा आकडा अवास्तव मोठा येतो. कधीकधी इतका मोठा, की लॅबवाल्यांनाच शंका येते. तपासणीच्या दिवशी जेल मांडीवर, पोटावर किंवा दुसऱ्या दंडावर, म्हणजे औषधाच्या माहितीपत्रकात जिथे लावायला परवानगी आहे अशा दुसऱ्या जागी लावा. रक्त घेणाऱ्याला 'या हाताला हार्मोनचं जेल लागलेलं आहे, दुसऱ्या हातातून घ्या' असं स्पष्ट सांगा. जेल लावलेल्या बोटांनी सुईची जागा चोळू नका. टोचल्यावर कापूस दाबायचा तोही धुतलेल्या हातानं. घरात दुसरं कुणी जेल लावत असेल आणि तुमचा रिपोर्ट विचित्र आला, तर त्वचेच्या स्पर्शातून औषध तुमच्याकडे आलं आहे का, हेही तपासावं.

दुसरा लपलेला गोंधळ बायोटिनचा. केस आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅमपर्यंत असतं. शरीराची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. अनेक लॅबमधल्या तपासणीच्या रसायनांत बायोटिनचाच वापर झालेला असतो, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन मोजणीत लुडबुड करतं. अशा तपासण्यांत इस्ट्राडिऑल, टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त आणि एलएच (एफएसएचसारखंच अंडाशय-वृषणांना निरोप देणारं), एफएसएच, टीएसएच (थायरॉइडला निरोप देणारं), प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारं) खोटे कमी दिसू शकतात. हे चित्र नेमकं 'डोस जास्त झाला' असं भासतं, म्हणूनच ते घातक आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तपासणीच्या किमान २ ते ३ दिवस आधी अशी गोळी थांबवा, आणि मल्टिव्हिटॅमिनच्या डबीमागचा मजकूरही वाचा. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी खूप मोठ्या मात्रेत बायोटिन दिलं असेल तर ते परस्पर बंद न करता लॅबला कळवा.

टेस्टोस्टेरॉन कमी आहे का, याचं निदान करायला पुरुषांनी रक्त सकाळी आणि उपाशीपोटी द्यावं, आणि ते दोन वेगवेगळ्या दिवशी. टेस्टोस्टेरॉन पहाटेनंतर सर्वांत जास्त असतं आणि खाल्ल्यावर उतरतं. आजारपणात, तापात, जागरणानंतरही ते घसरतं. अशा दिवसांतल्या रिपोर्टवरून आयुष्यभराचं औषध सुरू होऊ नये. इंजेक्शनवर असलेल्यांना घड्याळातल्या वेळेपेक्षा इंजेक्शनपासूनचं अंतर जास्त महत्त्वाचं.

प्रोलॅक्टिन करायचं असेल तर झोपेतून उठल्या-उठल्या धावत जाऊ नका. जाग आल्यावर तास-दोन तास जाऊ द्या आणि सुईआधी थोडं शांत बसा. झोप, धावपळ, सुईची भीती यांनीही ते वाढतं. पाणी मात्र नेहमीसारखं प्या. शरीरात पाणी कमी असेल तर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) उगाच जास्त दिसतं.

पायरी ४ : आकड्याआधी एकक बघा

दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'माझं इस्ट्राडिऑल १५० वरून ५५० झालं' म्हणून घाबरलेली माणसं भेटतात. बऱ्याचदा पहिला आकडा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतो, दुसरा पिकोमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोन्ही एकच असतात.

इस्ट्राडिऑल: पिकोग्रॅमला ३.६७ नं गुणलं की पिकोमोल येतात. टेस्टोस्टेरॉन: नॅनोमोल प्रति लिटरला २८.८४ नं गुणलं की नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर येतात. म्हणजे ५०० नॅनोग्रॅम हे साधारण १७.३ नॅनोमोल. काही लॅब टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये छापतात, तिथे शंभरानं गुणा: ५ म्हणजे ५००. प्रोजेस्टेरॉनचे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ३.१८ नं गुणले की नॅनोमोल प्रति लिटर मिळतात.

शक्यतो लॅब बदलू नका. यंत्र आणि रसायन बदललं की त्याच रक्ताचा आकडाही बदलतो. एकाच लॅबमध्येही १०-१५ टक्क्यांचा फरक हा मोजणीचा आणि शरीराच्या रोजच्या चढ-उताराचा भाग असतो. ४८० चं ५२० झालं, तर काहीही झालेलं नाही.

बहुतेक लॅब इम्युनोअसे, म्हणजे अँटिबॉडी वापरून मोजण्याची पद्धत वापरतात. पुरुषांच्या पट्ट्यातल्या टेस्टोस्टेरॉनसाठी ती ठीक आहे. पण स्त्रियांमधलं टेस्टोस्टेरॉन किंवा रजोनिवृत्तीनंतरचं इस्ट्राडिऑल अशा फार लहान पातळ्यांवर ती डळमळते. तिथे एलसी-एमएस/एमएस, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीची पद्धत जास्त भरवशाची. तपासणीच्या यादीत हे नाव आहे का, ते विचारून घ्या. लाळेतून हार्मोन मोजून डोस ठरवणाऱ्या चाचण्यांवर मात्र पैसे घालवू नका.

पायरी ५ : संदर्भ मर्यादा कुणाची?

आकड्याशेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' ठरते ती नोंदणीच्या वेळी लॅबनं लिहिलेल्या लिंगावर आणि वयावर. ट्रान्स व्यक्तींसाठी अर्धा गोंधळ इथेच सुरू होतो. टेस्टोस्टेरॉनवर दोन वर्षं असलेल्या ट्रान्स पुरुषाची नोंद 'स्त्री' अशी असेल, तर १६.२ हिमोग्लोबिनपुढे 'जास्त' असा शिक्का येतो, जो पुरुषांच्या मर्यादेत अगदी नेहमीचा आकडा आहे. त्याच माणसाचं हिमोग्लोबिन १२.२ आलं तर स्त्रियांच्या मर्यादेत ते शिक्क्याविना निसटतं, आणि खरी रक्तक्षयाची शक्यता कुणाच्या लक्षातच येत नाही. मला दुसरी चूक जास्त काळजीची वाटते, कारण तिथे धोक्याची खूण छापलेलीच नसते. उलट बाजूला, इस्ट्रोजेनवर असलेल्या ट्रान्स स्त्रीची नोंद 'पुरुष' असेल तर तिचं १२.८ उगाच 'कमी' ठरतं. हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट यांसारख्या गोष्टींसाठी शरीरात सध्या ज्या हार्मोनचा अंमल आहे त्याची मर्यादा लावायची, हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. प्रोस्टेटसारखा अवयव शरीरात आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तोही नोंदवलेला असावा.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रीला तिच्या वयाची मर्यादा लावली तर इस्ट्राडिऑल 'जास्त'च येणार. औषध घ्यायचं ते त्यासाठीच.

पायरी ६ : एकेक हार्मोन

इस्ट्राडिऑल. पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये ते पाळीच्या सुरुवातीला काही दहांमध्ये असतं आणि अंडमोचनाच्या सुमारास २०० ते ४०० पिकोग्रॅमपर्यंत जातं. एकच एक 'आदर्श' आकडा निसर्गातही नाही. ट्रान्स स्त्रियांसाठी २०१७ च्या तत्त्वांमध्ये १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर हे लक्ष्य दिलं आहे. रजोनिवृत्तीच्या उपचारांत लक्षणं थांबवणारी कमीत कमी मात्रा पुरेशी असते, आकड्याच्या मागे लागायचं नाही.

एक महत्त्वाची मेख अशी: ही चाचणी फक्त इस्ट्राडिऑल मोजते. गिळलेल्या गोळीचा मोठा भाग आतड्यात आणि यकृतात इस्ट्रोन बनतो, तो यात दिसत नाही. कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इथिनिल इस्ट्राडिऑल घेत असाल, तर इस्ट्राडिऑलचा आकडा तुमच्या औषधाचा परिणाम सांगतच नाही. तो कमी आला म्हणून कुणी डोस वाढवू लागलं तर आधी हा प्रश्न विचारा.

टेस्टोस्टेरॉन. कमतरता असलेल्या पुरुषांमध्ये आणि ट्रान्स पुरुषांमध्ये निरोगी पुरुषांच्या पट्ट्याचा मधला भाग गाठायचा असतो. एनन्थेट-सिपिओनेटवर मध्यावर घेतलेल्या रक्तात पुरुषांसाठी ३५० ते ६०० आणि ट्रान्स पुरुषांसाठी ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर अशी लक्ष्यं एंडोक्राइन सोसायटीनं दिली आहेत. ट्रान्स स्त्रियांमध्ये ते ५० च्या खाली आणायचं असतं. ५० च्या खाली गेलेलं टेस्टोस्टेरॉन २० झालं म्हणून बदल आणखी वेगानं होतील, अशी आशा धरू नका. लैंगिक इच्छेच्या तक्रारीसाठी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये ही तपासणी कामाची आहे, पण तिचा उद्देश पातळी तरुण स्त्रियांच्या मर्यादेपलीकडे जात नाही ना, हे बघणं. सुरुवात केल्यावर ३ ते ६ आठवड्यांनी पहिली तपासणी करतात.

एसएचबीजी. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेलं असतं. २ टक्क्यांच्या आसपासच मोकळं असतं. एसएचबीजी हे त्यातलं घट्ट धरून ठेवणारं प्रथिन. तोंडानं घेतलेलं इस्ट्रोजेन आणि प्रमाणाबाहेर काम करणारं थायरॉइड ते वाढवतात. लठ्ठपणा, इन्सुलिनला न जुमानणारं शरीर आणि मंदावलेलं थायरॉइड ते कमी करतात. म्हणून जाड माणसाचं एकूण टेस्टोस्टेरॉन कमी असूनही मोकळं पुरेसं असू शकतं. एकूण आकडा काठावर असेल आणि लक्षणं जुळत नसतील तेव्हा एसएचबीजी मागा आणि त्यावरून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणितानं काढून घ्या. 'फ्री टेस्टोस्टेरॉन' थेट मोजणारी स्वस्त चाचणी भरवशाची नाही. इक्विलिब्रियम डायलिसिस या लॅबमधल्या पद्धतीनं मोजलेलं असेल तरच त्याला वजन द्या.

एलएच आणि एफएसएच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू स्वतःचे हे निरोप बंद करतो, त्यामुळे दोन्ही तळाला जाणं अपेक्षित आहे. पण त्याच वेळी शुक्राणूंची निर्मितीही थंडावते. मूल हवं असलेल्या पुरुषानं हे उपचाराआधी बोलायला हवं, रिपोर्ट आल्यावर नाही. ट्रान्स पुरुषांनी लक्षात ठेवावं की पाळी थांबली, एलएच कमी आलं, तरी गर्भ राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. रजोनिवृत्तीच्या उपचारात एफएसएचवरून डोस ठरत नाही.

प्रोजेस्टेरॉन. गर्भाशय असलेली स्त्री इस्ट्रोजेन घेते तेव्हा अस्तराच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखं औषध) लागतंच. ते पुरेसं आहे की नाही, हे रक्तातल्या पातळीवरून कळत नाही. अनपेक्षित रक्तस्राव झाला तर सोनोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी हाच मार्ग.

प्रोलॅक्टिन. ट्रान्स स्त्रियांमध्ये, विशेषतः सायप्रोटेरोन (टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध) घेणाऱ्यांमध्ये ते थोडं वाढलेलं सापडतं. डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, रिस्पेरिडोन या औषधांनीही वाढतं. थोडं वाढलेलं असेल तर आधी शांतपणे फेरतपासणी. फार वाढलेलं असेल किंवा डोकेदुखी, दृष्टीत फरक असेल तर लगेच डॉक्टर.

पायरी ७ : हार्मोन नसलेले, पण जास्त महत्त्वाचे आकडे

माझ्या मते सुरक्षिततेचा खरा हिशेब याच पानावर असतो, आणि हेच पान सर्वांत कमी वाचलं जातं.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांनी हिमॅटोक्रिट बघायचं. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवून कारण शोधतात आणि खाली आल्यावर कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात. धूम्रपान आणि झोपेतला श्वासरोध यांनीही ते वाढतं, म्हणून घोरण्याबद्दल विचारलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. प्रोस्टेटची तपासणी ठरलेल्या पुरुषांमध्ये पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) वर्षभरात १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त वाढलं, किंवा फेरतपासणीतही ४ च्या वर राहिलं, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावं. ट्रान्स स्त्रियांमध्ये पीएसए आधीच खूप खाली गेलेलं असतं, त्यामुळे तिथे 'मर्यादेत आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारं औषध) घेणाऱ्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण). रक्तदाबाच्या काही गोळ्या सोबत असतील तर धोका वाढतो. नमुन्यातल्या पेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटं जास्त दिसतं, म्हणून रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा आहे का बघा. सायप्रोटेरोनवर यकृताच्या चाचण्या.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीनं तोंडानं इस्ट्रोजेन सुरू केलं तर ६ ते १२ आठवड्यांनी टीएसएच करून घ्यावं. थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो. पॅच-जेलमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. ट्रायग्लिसराइड वाढवण्याची खोडही तोंडी इस्ट्रोजेनचीच.

पायरी ८ : डॉक्टरांकडे नेण्याचा कागद

रक्त दिलं त्याच दिवशी एका कागदावर लिहा: औषधाचं नाव, मात्रा, मार्ग, शेवटचा डोस कोणत्या तारखेला किती वाजता, रक्त किती वाजता, जेल असेल तर कुठे लावलं होतं, बायोटिन आणि इतर गोळ्या, मागच्या तपासणीपासून डोस बदलला का, आणि गेल्या महिन्यात शरीर-मन कसं होतं, दोन ओळींत. रिपोर्ट आला की आकडा एककासह त्याखाली उतरवा. असे तीन-चार कागद एकाखाली एक ठेवले की कल दिसू लागतो, आणि डोस ठरवायचा तो कलावर.

आकडा अनपेक्षित आला तर क्रम असा ठेवा. वेळ चुकली होती का? एकक वेगळं आहे का? जेल, बायोटिन, लॅब बदल यातलं काही आहे का? एखादा डोस हुकला होता का? या सगळ्याचं उत्तर नाही असेल, तर योग्य वेळी फेरतपासणी. आकडा आणि लक्षणं एकमेकांशी जुळत नसतील, तेव्हाही आधी फेरतपासणी आणि मग डोस.

काही गोष्टींत मात्र रिपोर्टची वाट बघायची नसते. एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, बोलण्यात अडखळणं, शरीराची एक बाजू लुळी पडणं, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि आपण कोणतं हार्मोन घेतो ते पहिल्याच वाक्यात सांगा. स्पायरोनोलॅक्टोनवर असताना अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं, छातीत अनियमित धडधड होणं, किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर आल्याचं लॅबनं कळवणं, हेही त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं.